पोटभर जेवलेली खुर्ची

सूनबाई कामाने कवळीवाली. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती दिवसभर परक्यांचे दात घडवायची, तासायची, चकचकीत करून डबीत भरायची. पण ते झालं पोटासाठी. जीव अडकला होता तो बॅटऱ्यांत. बॅटऱ्या म्हणजे घड्याळात घालतात त्या किरकोळ नव्हेत. सुताराच्या ड्रिल मशीनला खाली ठोकळा लागतो ना, ती दमदार जात. ठोकळा बंद पडला की सुतार तो फेकून देतो. सूनबाईचं म्हणणं असं, की ठोकळा मेला म्हणून आतलं सगळं बिऱ्हाड मरत नाही. आत बोटाएवढे दहा सेल रांगेत बसलेले असतात, त्यातला एखादा आळशी निघतो आणि त्याच्यापायी बाकीच्या कामसू मंडळींना कचऱ्याची वाट धरावी लागते. ही ठोकळा उघडायची, आळशाला बाहेर काढायची आणि उरलेल्यांना कामाला जुंपायची.

या उद्योगातून काय काय उभं राहिलं होतं! दवाखान्यातली प्लास्टरची धूळ ओढणारा हातभर पंखा झाला. वीज गेली तरी शेजारचा गाण्याचा वर्ग पेटी-तबल्यासकट गल्लीभर ऐकू जाईल असा भोंगा झाला, आणि त्याबद्दल अर्ध्या गल्लीने तिच्याशी बोलणं टाकलं. सायकलला असा एक दिवा लावला होता, की समोरून येणारा माणूस आपोआप हात वर करून शरण यायचा.

घरात या सगळ्याला विरोध होता तो एकाचाच, आणि तो नेमका नवऱ्याचा. त्याचाही बिचाऱ्याचा दोष नाही. तो विमा कंपनीत तपासनीस. कुठे आग लागली की दुसऱ्या दिवशी जायचं, राखेत उकिडवं बसायचं आणि सुरुवात कुठून झाली ते शोधायचं. इतकी वर्षं जळलेली घरं बघून त्याला न जळलेलं घर हे केवळ नशीब वाटायचं. त्याच्या हट्टापायी सगळ्या बॅटऱ्या बाल्कनीत, वाळू घातलेल्या लोखंडी पेटीत असायच्या, आणि रोज झोपण्यापूर्वी तो त्या पेटीवर हात ठेवून ती गरम तर नाही ना हे बघायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवायचा, हे सूनबाईने पाहिलं होतं आणि त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता अप्पा. अप्पा म्हणजे सासरे. जन्मभर बस चालवली. गुडघे गेले तसे घरात बसले. घरात बसण्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते एकच. त्यांच्याच घराशेजारून एक गल्ली टेकडीवर चढत जाते. फरसबंद, हातगाडीच्या रुंदीची आणि भिंतीसारखी उभी. हा खडा चढ संपतो तिथे अप्पांची थोरली बहीण राहते. गाडी त्या गल्लीत शिरत नाही. अप्पांना चढवत नाही. बहिणीच्या छातीचं दुखणं निघाल्यावर डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की चढ चढायचा नाही. आणि खाली उतरलेल्या माणसाला कधीतरी वर चढावंच लागतं. तेव्हा चार वर्षं बहीण वर आणि भाऊ खाली. एका हाकेच्या अंतरावर राहून दोघं परदेशात असल्यासारखी एकमेकांची आठवण काढायची.

उचलून न्यायची तयारी शेजारच्या पोरांनी दाखवली होती. अप्पा भडकले. म्हणाले, "साठ-साठ माणसं वाहिलीत मी एका फेरीत. मला चौघांनी उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा मी बघायला नसणार."

सूनबाईने ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात सुताराकडून बंद पडलेल्या ठोकळ्यांचं पोतं आणलं.

खुर्ची तयार व्हायला अख्खा हिवाळा गेला. जुनी चाकांची खुर्ची, तिला मोडक्या विजेच्या स्कूटरची मोटर, बुडाखाली सेलांची पेटी. पेटीच्या दाराशी एक छोटा बोर्ड बसवला होता. त्याचं काम राखणदाराचं: सेल फार रिकामे व्हायला लागले की दार बंद, फार भरले की दार बंद. नवरा जाता-येता बघायचा आणि घसा खाकरायचा. शेवटी एका रविवारी त्याने तिच्यासमोर स्टूल ओढलं.

"चढेल, ते मी मान्य करतो," तो म्हणाला. "उतरणार कशी?"

"उतरताना मोटर उलटं काम करते," सूनबाई उत्साहाने सांगू लागली. "चढताना बॅटरी मोटरला वीज देते. उतरताना चाक मोटरला फिरवतं, मोटर वीज तयार करते आणि बॅटरी ती पिऊन टाकते. वीज करायला जोर लागतो ना, म्हणून चाक जड होतं. तोच ब्रेक. जाताना खर्च केलेलं येताना थोडं परतही मिळतं."

"आणि ते बंद पडलं तर?"

"सायकलचा ब्रेक आहे हँडलला. शिवाय तुम्ही आहात मागे."

नवऱ्याने तपासनिसाच्या आवाजात अट घातली. एकदा जायचं, एकदा यायचं. काही वेडंवाकडं झालं, अगदी एवढंसं जरी झालं, तर खुर्ची भंगारात आणि पेटी घराबाहेर. वर न्यायचं नाव पुन्हा काढायचं नाही.

अप्पा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही, तेव्हा सूनबाईला कळलं की त्यांनी सगळं ऐकलंय. यंत्र चुकलं तर तिची हौस जाणार होती, तिचं काय एवढं. ती कवळ्यांत मन रमवेल. पण म्हाताऱ्याची बहीण जाणार होती.

तिने वाळूच्या पिशव्या भरभरून खुर्चीत ठेवल्या आणि गल्लीच्या खालच्या भागात चाचण्या घेतल्या. वर चढव, खाली आण. पुन्हा वर, पुन्हा खाली. एकदाही चूक झाली नाही. वाळूने तक्रार केली नाही, तेवढी अप्पा करतील असं तिला वाटलं.

अप्पांनी त्या दिवसासाठी बसवरची जुनी टोपी काढली. हँडलवर हात ठेवला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आरशाच्या जागी आरसा नाही हे बघून नापसंतीने मान हलवली आणि गाडी सोडली. खुर्ची हूं करत चढायला लागली. सूनबाई बाजूने, नवरा मागून हात पुढे करून, उकळतं दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तसा. वळणावर एक बाई पाण्याची कळशी खाली ठेवून बघतच राहिली. अप्पांनी तिला टोपी उचलून सलाम केला.

"जास्त हलू नका," नवरा म्हणाला.

"चालकाशी बोलू नये," अप्पा म्हणाले.

वर आत्याबाई दारातच उभी होती. बारीक, ताठ, पांढरी वेणी खांद्यावर. खुर्ची उंबऱ्याशी थांबल्यावर तिने त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, केस विसकटले, टोपी पुन्हा ठेवली. "टक्कल पडलंय रे तुला, धाकट्या," ती म्हणाली. "फोनवर बोलला नाहीस कधी."

"तुझं बोळकं दिसतं का फोनवर?" अप्पा म्हणाले आणि तिच्या खांद्याला धरून उठले.

आत गेल्यावर बोलणं थांबेना. सूनबाई आणि नवरा एका कोपऱ्यात बसून नुसते ऐकत होते. लहानपणी कुणी कुणाची दौत सांडली इथून सुरुवात झाली. चहा झाला, बिस्किटं झाली, केक झाला, पुन्हा चहा झाला. आत्याबाईचा एक नियम होता: तिच्या घरातून कोणी भुकेलं जायचं नाही. नको म्हटलं की ताटात दुप्पट पडायचं. नवऱ्याने पाचव्या बिस्किटाला नको म्हटलं आणि त्याच्या बशीत तीन आली.

मध्येच ती सूनबाईला म्हणाली, "आणि तुझी ही खुर्ची? तिला काही लागतं का गं?"

"वीज लागते तिला," सूनबाई हसून म्हणाली. "चार्जर आणलाय पिशवीत. वाटेत कमी पडली तर असावा म्हणून."

"म्हणजे एवढा चढ चढून आलेली ती बाहेर उपाशी उभी," आत्याबाई म्हणाली आणि उठली. सूनबाईने ते ऐकलं, हसली आणि विसरून गेली. ऊन कलायला लागेपर्यंत भावंडं बोलत राहिली.

निघताना आत्याबाई बाहेरच्या ओट्यापर्यंत आली. अप्पा बसले, हँडल धरलं, हिरवा दिवा लागला. चार पावलांनंतर उतार सुरू होतो. खुर्ची उताराला लागली, मोटरने चाक धरलं, सगळं अगदी वाळूच्या पिशवीसारखं. मग एक हिसका बसला. हिरवा दिवा विझला. आणि खुर्ची सुटली.

सुटली म्हणजे काय, सुटलीच. सूनबाई ओरडली. अप्पांनी सायकलचा ब्रेक आवळला, तो कर्कश्श किंचाळला, पण ब्रेक सायकलचा आणि वजन बसड्रायव्हरचं. नवऱ्याने मागून खुर्चीची पाठ पकडली, टाचा रोवल्या आणि ऑफिसच्या बुटांवर फरसबंदीवरून घसरत निघाला. बेकरीच्या दारात मैद्याची पोती रचलेली होती. अप्पांनी हँडल किंचित, अगदी किंचित उजवीकडे दिलं आणि खुर्ची पोत्यांत मऊशार जाऊन टेकली. पांढरा ढग उठला. ढग खाली बसल्यावर अप्पा मिशीपर्यंत पांढरे होऊन बसलेले दिसले.

"थांबा आला," ते म्हणाले.

पण नवऱ्याचा चेहरा मैद्याशिवायच पांढरा पडला होता. त्याच्या बुटांचे तळ निघून हातात आले होते. तो त्यांच्याकडे बघत म्हणाला, "झालं. संपलं."

"अहो, ऐका..."

"काय ऐकू? अट ठरली होती. पोती नसती तर?" तो ओरडत नव्हता, हेच वाईट होतं. "आपण अप्पांना उचलून खाली नेऊ. खुर्ची इथेच राहू दे."

अप्पांनी काहीच म्हटलं नाही. चौघांनी उचलण्याबद्दलही नाही. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली आणि वर, बहिणीच्या दाराकडे बघितलं. आत्याबाई ओट्यावर दोन्ही हात तोंडाशी धरून उभी होती. सूनबाईला रडू फुटेल असं वाटलं. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि सगळ्यात जास्त राग येत होता तो त्या विझलेल्या दिव्याचा. दिवा विझला म्हणजे राखणदाराने दार लावलं. तो दार लावतो ते बहुधा बॅटरी रिकामी झाली की. पण एवढ्याशा चढाने ती रिकामी कशी होईल? तिने पिशवीतून मीटर काढलं आणि खुर्चीच्या बुडाखाली वाकली. आकडा बेचाळीस व्होल्ट. दहा सेलांची रांग बेचाळिसावर असते तेव्हा ती रिकामी नसते. काठोकाठ भरलेली असते.

ती तशीच वाकलेली राहिली. मग वर बघून म्हणाली, "आत्या, तुम्ही हिला चार्जर लावला होता?"

"लावला की," आत्याबाई वरून म्हणाली. "तू चार्जरचं म्हणालीस तेव्हाच लावला. आत्ता निघताना काढला. हिरवा दिवा लागला होता त्याचा. का गं, कमी पडलं?"

सूनबाई मैद्याच्या पोत्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. नवऱ्याला वाटलं हिला धक्का बसलाय.

"कारण?" त्याने विचारलं. हा शब्द त्याच्या तोंडून सवयीने गेला.

"पोट भरलेलं होतं," ती म्हणाली. "उतरताना मोटर वीज तयार करते आणि बॅटरी ती पिते, म्हणून ब्रेक लागतो. पण आत्यांनी तिला आधीच गळ्यापर्यंत जेवू घातलं. वरून मोटर आणखी वाढायला लागली. जागाच नाही. राखणदाराने दार लावलं. दार लागलं की ब्रेक गेला. चुकलं माझंच. मी चाचण्या घेतल्या त्या खालून. आधी चढ, मग उतार. प्रत्येक वेळी चढताना जागा झालेली असायची. भरल्या पोटाने डोंगर उतरायची वेळ येईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

नवरा उकिडवा बसला, अगदी राखेत बसतो तसा, आणि मीटरचा आकडा स्वतः बघितला. मग दोन वायरी कुठे जातात ते बघितलं. मग पुन्हा आकडा. सूनबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. हळूहळू त्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. तिला ही गोष्ट माहीत होती, पण आज समोर दिसली: त्याला आगीची भीती नव्हती. कारण न सापडलेल्या आगीची होती. कारण सापडलं की तो रात्री झोपत असे.

"म्हणजे आग्रहाने झालेला अपघात," तो म्हणाला.

"तसंच."

"वीस वर्षांत असा एकही नाही आला माझ्याकडे." तो उठला, बुटांचे तळ भिंतीवर ठेवले आणि मोज्यांवरच उभा राहिला. "बॅटरीतलं थोडं कमी केलं तर ब्रेक लागेल?"

"लागेल. काठापासून दोन बोटं जागा हवी फक्त. आणि खर्चाला राखणदार दार उघडतो."

"मग खर्च कर की. कशाने लवकर खर्च होते?"

"जड माणूस घेऊन चढ चढवला की," सूनबाई म्हणाली, आणि दोघांनी एकाच वेळी बेकरीवाल्याकडे बघितलं.

बेकरीवाला दारातच उभा होता, आपल्या पोत्यांची दशा बघत. दार त्याच्या मापाचंच केलेलं होतं. आत्याबाईच्या घरापासून पुढे गल्ली सपाट जाते आणि मग पाण्याच्या टाकीपर्यंत हलका चढ आहे. खुर्चीतून आधी अप्पांना वर ओट्याशी सोडलं, मग बेकरीवाल्याला टाकीपर्यंत सन्मानाने नेण्यात आलं. टाकीशी उतरून तो चालत खाली आला आणि रिकामी खुर्ची सूनबाईने ढकलत आणली. मीटरचा आकडा जरासा हलला. पुरेसा नाही.

"माझा मेव्हणा आहे," बेकरीवाला धापा टाकत म्हणाला. "तो म्हणजे मी आणि वर दोन ब्रेड."

मेव्हणा आला. त्याला बघून अप्पांनीच खुर्चीचा सांगाडा हलवून तपासला. सूनबाईने तो लोहाराकडून जाड करून घेतला होता. मेव्हणा टाकीपर्यंत गेला तेव्हा मोटर पहिल्यांदाच कण्हली आणि सूनबाई आनंदाने ओरडली, "छान! असाच हवा!" असं त्याला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं. तो दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिला. टेकडीवर बातमी पसरायला काय वेळ लागतो! गवंडी आला, शाळेचा शिपाई आला, एक वजनदार वकीलसाहेब कोट घालून आले. शिंपी आला तर त्याला परत पाठवलं. त्याच्याच कात्रीपेक्षा तो हलका होता. तो रागावून ओट्यावर बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाचा अंदाज जाहीर करायला लागला. आयुष्यभर जे पोट आत ओढून फिरले ते आज पुढे काढून उभे होते. आत्याबाई सगळ्यांना चहा देत होती. मध्येच तिने विचारलं, "मी बसू का?"

"तुम्ही कशाला, आत्या?" सूनबाई मीटरवरून नजर न काढता म्हणाली. "तुमचं वजन ते केवढं. काही खर्च व्हायचं नाही."

आत्याबाई कप गोळा करायला लागली.

आकडा हवा तेवढा खाली आला तेव्हा सूनबाईने हात वर केला. आता उतरून बघायचं होतं. पण अप्पांना बसवायची तिची हिंमत होईना. नवरा पुढे झाला. खुर्चीत बसला, टायवरचा मैदा झटकला आणि म्हणाला, "वळणापर्यंत. सोड."

"अहो, तुम्ही?"

"पंचनामा मीच करतो ना नेहमी."

खुर्ची उताराला लागली. मोटरने चाक धरलं आणि धरून ठेवलं. हिरवा दिवा विझला नाही. वळणापर्यंत खुर्ची लग्नाच्या वरातीसारखी संथ गेली, थांबली आणि तशीच वर आली. नवरा उतरला. त्याने वाकून पेटीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग बायकोकडे बघून हसला. इतक्या वर्षांत सूनबाईला तो इतका देखणा कधी वाटला नव्हता.

"बसा, अप्पा," तो म्हणाला.

अप्पा बसले नाहीत. ते भिंतीचा आधार घेऊन उभे होते आणि कप विसळणाऱ्या बहिणीकडे बघत होते.

"आधी ताई," ते म्हणाले.

आत्याबाईने मान वर केली. "मी कुठे?"

"खाली."

"खाली जाऊन काय करू? आणि वर कोण आणणार?"

"हीच आणेल. जी मला घेऊन आली तीच." अप्पांनी मोकळा हात खुर्चीकडे केला. "जा. मी थांबतो तुझ्या घरात. बिस्किटं आहेत अजून."

आत्याबाई नको म्हणाली. पुन्हा नको म्हणाली. मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने वेणी नव्याने घातली होती, बूट पुसले होते आणि हातात रिकामी पिशवी होती. "टोमॅटो आणते," ती म्हणाली, जणू कालच आणले होते.

खाली उतरताना ती मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली. सूनबाई बाजूने चालत होती, एक हात हँडलवर ठेवून, आणि नवरा मोज्यांवर मागून. वळण गेलं, कळशीवाली बाई गेली, गल्ली संपली आणि एकदम मोठा रस्ता उघडला. आत्याबाई म्हणाली, "थांब जरा." रहदारी बघत ती बसून राहिली. चपलांच्या दुकानाचं आता औषधाचं दुकान झालं होतं. ते तिने तीनदा वाचलं. मग भाजीवालीकडे गेली आणि एकेक टोमॅटो उचलून दाबून बघायला लागली.

"मावशी, सगळे सारखेच आहेत," भाजीवाली म्हणाली.

"तुला वाटतात," आत्याबाई म्हणाली. "चार वर्षं लोकांनी निवडलेले खाल्लेत मी. आज मला घाई नाही."

तिने निवडले, परत ठेवले, भांडली, पुन्हा निवडले. सूनबाईला वेळेचं भान होतं पण घाई करायचा धीर झाला नाही. नवरा मोज्यांवर उभा राहून पिशवी धरत होता. वजन केवढं, असं आपण मघाशी सहज बोलून गेलो, ते सूनबाईला आत्ता आठवलं आणि फार लागलं. ती खाली वाकून म्हणाली, "आत्या, मघाशी चुकलं माझं."

"काय गं?"

"तुम्हाला बसू दिलं नाही."

"मग आत्ता कोण बसलंय?" आत्याबाई म्हणाली आणि भाजीवालीकडून आणखी एक टोमॅटो फुकट घेतला.

चढताना खुर्ची पुन्हा हूं करत निघाली. ऊन गेलं होतं, पण अजून उजेड होता. वळण संपल्यावर वर अप्पा दिसले. ते घरात नव्हते. ओटा उतरून, भिंत धरत धरत, उताराच्या तोंडाशी येऊन उभे होते. मिशीत अजून मैदा होता.

"केवढा हा उशीर!" ते तिथूनच ओरडले. "काही कळवायची पद्धत? माणूस इथे वाट बघून बघून अर्धा झाला!"

खुर्ची त्यांच्याजवळ येऊन थांबली. आत्याबाईने त्यांच्याकडे वर बघितलं.

"तास झाला असेल रे, धाकट्या," ती म्हणाली. "मी चार वर्षं बघितली."

खाली वाकवत नव्हतं तरी वाकून अप्पांनी तिच्या मांडीवरची टोमॅटोची पिशवी घेतली, भिंतीवर ठेवली आणि तिला उठायला हात दिला. कोणी कोणाला धरलंय ते सूनबाईला नीटसं कळलं नाही.

"ऊठ," अप्पा म्हणाले. "खुर्ची दे माझी. मला लवकर घरी जायला हवं. उद्या परत यायचंय."